बायकांच्या आयुष्यावरचे सिनेमे एकत्र बसून बघायचे तर: नागपुरातून नेहमी येणारे प्रश्न

महिला मंडळ, बचत गट, भिशी, सोसायटीचा हॉल, वाचनालयाची वरची खोली. जिथे पंचवीस-तीस बायका एका दुपारी जमू शकतात, तिथे सिनेमा दाखवता येतो. कोणता दाखवायचा, कसा दाखवायचा आणि झाल्यावर काय करायचं, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची ही उत्तरं. काही सिनेमांचा शेवट सांगितल्याशिवाय शिफारस करता येत नाही, तिथे तो सांगितला आहे.

बाईवरचे सिनेमे खूप आहेत. त्यातून निवडायचा कसा?

एक सोपी कसोटी आहे. सिनेमा आधी एकटीने पूर्ण बघा आणि त्याची गोष्ट पाच वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्याची सुरुवात नायिकेच्या नावाने करा. मग फक्त क्रियापदं वाचा. सोसलं, रडली, वाट पाहिली, माफ केलं, मेली अशीच ओळ दिसली तर तो सिनेमा बाजूला ठेवा. नकार दिला, शिकली, निघाली, हिशेब मागितला, परत आली असं काही दिसलं तर पुढे जा.

सोसणं आणि तगून राहणं यांत फरक आहे. बाईचा छळ दोन तास दाखवून शेवटच्या दहा मिनिटांत तिला देवी करणारे सिनेमे आपल्याकडे पुष्कळ झाले. ते बघून बायका जड होऊन घरी जातात, बोलत मात्र नाहीत. आणि या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ सिनेमानंतरचं बोलणं हेच आहे.

पहिलाच कार्यक्रम आहे. एकच नाव सांगा.

‘निल बटे सन्नाटा’ (२०१६, दिग्दर्शन अश्विनी अय्यर तिवारी). आग्र्यातली घरकाम करणारी चंदा, दहावीतली मुलगी अपेक्षा. मुलगी म्हणते, बाईची मुलगी बाईच होणार, मग शिकायचं कशाला. तर आई स्वतःच तिच्या वर्गात जाऊन बसते. लांबी सुमारे १०० मिनिटं, हिंदी सोपी, कोणाला संकोच वाटेल असं दृश्य नाही. गणिताला घाबरणारी एक तरी मुलगी प्रत्येक घरात असते, त्यामुळे पहिल्या वीस मिनिटांत खोली सिनेमात शिरते.

दुसरा पर्याय ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२). पुण्याची शशी गोडबोले घरून लाडू करून विकते आणि इंग्रजी येत नाही म्हणून घरातलेच तिची थट्टा करतात. बचत गटात हा जास्त चालतो, कारण तिथे लोणची-पापड करणाऱ्या बायकांना ‘हे तर फक्त लाडूच’ हे वाक्य ओळखीचं असतं. लांबी सव्वादोन तासांच्या आसपास, म्हणजे मध्ये चहाची सुटी धरावी लागेल.

मराठीच हवा. ‘उंबरठा’ लावावा का?

लावावाच, पण पहिला नको. निदान तीन-चार सिनेमे झाल्यावर लावा, बायका एकमेकींसमोर मोकळं बोलायला लागल्यावर.

१९८२ चा हा सिनेमा जब्बार पटेलांचा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर बेतलेला, पटकथा विजय तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा सुखवस्तू घरातून, लहान मुलीला घरी ठेवून, महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून बाहेरगावी जाते. तिथली सडलेली व्यवस्था बदलू पाहते, थकते, राजीनामा देऊन परतते. घरी जागा उरलेली नसते. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे, मुलगी काकूची झाली आहे. सुलभा पुन्हा उंबरठा ओलांडते.

इथे खोली हमखास दोन भागांत फुटते. अर्ध्या जणी म्हणतात, पोरीला टाकून गेली म्हणजे काय. दुसऱ्या म्हणतात, नवरा कामासाठी चार वर्षं बाहेर राहिला असता तर कोणी विचारलं असतं? ही फूट मिटवू नका. संयोजक बाईंनी आपलं मत शेवटपर्यंत राखून ठेवावं, नाहीतर निम्मा गट गप्प होतो. आणखी एक: सुधारगृहातल्या बायकांबद्दल कोणी बोलत नाही, सगळी चर्चा सुलभाच्या संसारावरच फिरते. म्हणून चर्चेचा पहिला प्रश्न मुद्दाम सुधारगृहावर ठेवा. तिथून पळून गेलेल्या बाईला परत आणायचं ते कोणाच्या भल्यासाठी?

‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ लागलं की खोलीतल्या बायका सोबत गुणगुणतात, त्यांना गाऊ द्या. गझल सुरेश भटांची. ज्यांच्या नावाचं सभागृह आपण रेशीमबागेत रोज ओलांडतो, तेच.

आपल्याकडचा, विदर्भातला कोणता आहे?

‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९, दिग्दर्शन सतीश मनवर). शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि अलकाच्या डोक्यात भीती बसली की आपला किसनाही तेच करेल. ती त्याच्यावर पाळत ठेवते, पोराला बापाच्या मागे पाठवते, त्याला बरं वाटावं म्हणून धडपडते. सोनाली कुलकर्णी अलका, गिरीश कुलकर्णी किसना, ज्योती सुभाष घरातली म्हातारी. आत्महत्येच्या बातमीत बाईचं नाव ‘मागे पत्नी व दोन मुले’ एवढंच येतं. हा सिनेमा ते नाव पुढे आणतो, आणि तेही माणूस जिवंत असतानाच्या दिवसांत. मध्येच हसूही फुटतं, कारण पाळतीचा प्रकार किसनाला कळत नाही.

दीड तासाच्या आसपास लांबी, बोली वऱ्हाडी. नागपुरातल्या बायकांना ती लगेच लागते. काही पुणे-मुंबईकडून आलेल्या सुना असतील तर त्यांच्या शेजारी एखादी इथली बसवा. सावधगिरी मात्र घ्या. ज्या घरात असं घडलं आहे त्या घरातली बाई येणार असेल तर तिला आधी, एकटीला, विषय सांगा. येऊ नको म्हणायचं नाही. कळू द्यायचं आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यायचा.

‘कुंकू’ फार जुना नाही का? बायका बसतील?

बसतात, आणि सगळ्यात जास्त वादही याच्यावर होतो. १९३७, प्रभात, व्ही. शांताराम, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून. शांता आपटेंच्या नीराचं लग्न मामाने पैसे घेऊन म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलेलं आहे. ती घर सोडत नाही, पण नवरा म्हणून त्याला स्वीकारतही नाही. जे घडलं ते अन्याय आहे, हे ती त्याच घरात राहून रोज सांगते.

आता जवळून ऐकण्याची गोष्ट. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं. घड्याळाची टिकटिक, भांडी, ग्रामोफोन. जुनं घड्याळ म्हाताऱ्या काकासाहेबांच्या वयासारखं मध्येच अडतं, आणि त्या शांततेत नीरा उभी असते. म्हणून ‘कुंकू’ उन्हाळ्यात लावू नका. कूलर चालू असेल तर अर्धा सिनेमा गेला.

लांबी अडीच तासांहून जास्त. दोन दुपारी पाडून दाखवलात तरी चालतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लावणार असाल तर निमंत्रण ‘तिळगूळ’ म्हणून द्या आणि विधवा मैत्रिणींना नावाने बोलवा. या नावाचा सिनेमा दाखवताना त्यांना दाराबाहेर ठेवणं शोभणार नाही.

आणखी मराठी नावं?

‘दोघी’ (१९९५, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर). लग्न मोडलेल्या गौरीला घर चालवण्यासाठी मुंबईला धाडलं जातं, तिच्या पैशावर घर जगतं आणि तिलाच घरात जागा राहत नाही. धाकटी कृष्णा हे सगळं बघते. जड आहे, पण बहिणींच्या नात्यावर इतकं खरं मराठीत थोडंच आहे. याच जोडीचा ‘नितळ’ (२००६) कोड असलेल्या मुलीवर, तो लग्नाच्या वयाच्या मुली आणि त्यांच्या आया यांना एकत्र दाखवावा.

‘आनंदी गोपाळ’ (२०१९) शाळा-कॉलेजसाठी चांगला. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) बहुतेकींनी बघितलेला असतो. तो पुन्हा लावायचा तर गौरी-महालक्ष्म्यांनंतरच्या निवांत आठवड्यात, गाण्यांसाठी.

मिरचीवाला तो सिनेमा बायकांना का आवडतो?

‘मिर्च मसाला’, १९८७, केतन मेहता. सुभेदाराला नकार देऊन पळालेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो आणि आतल्या बायकांना ठरवावं लागतं की हिला बाहेर ढकलायचं की नाही. गुजरातची गोष्ट, स्वातंत्र्याआधीची. पण भिवापूर हे आपल्याच जिल्ह्यातलं, आणि मिरचीचे देठ खुडून ज्यांची बोटं रात्रभर जळली आहेत त्यांना पडद्यावरचे लाल ढीग वेगळे दिसतात. त्या ठसका आधीच ओळखतात.

चर्चेत नायिकेपेक्षा आतल्या बाकीच्या बायकांकडे लक्ष वेधा. कोण आधी ‘हिला देऊन टाका’ म्हणते, कोण शेवटी मूठ भरते? दीप्ती नवलने केलेली मुखीची, म्हणजे गावच्या प्रमुखाची, बायकोही सुटू नये. मुलीला शाळेत घालण्यासाठी ती घरात जे करते, ते सोनबाईच्या नकाराइतकंच मोठं आहे.

दुसऱ्या भाषेतले सिनेमे? आमच्याकडे सबटायटल सगळ्यांना वाचता येत नाहीत.

तीन सिनेमे असे आहेत ज्यांत डोळ्यांनीच बरंच कळतं.

‘द ग्रेट इंडियन किचन’ (मल्याळम, २०२१, जिओ बेबी), सुमारे १०० मिनिटं. चिरणं, वाटणं, पुसणं, उष्टी उचलणं, पुन्हा चिरणं. सासऱ्याला भात चुलीवरचाच हवा, कपडे हातानेच धुतलेले. ओट्याखालचा पाइप गळतो, नवऱ्याला सांगून सांगून दुरुस्त होत नाही, आणि ते घाण पाणी रोज तिच्याच हाताला. कोणत्याही बाईला हे भाषांतर करून सांगावं लागत नाही. पाळीच्या दिवसांतल्या शिवाशिवीवर सिनेमा थेट बोलतो, तेव्हा गटाची तयारी बघून लावा.

‘व्हिलेज रॉकस्टार्स’ (आसामी, २०१७), दीड तासाच्या आत. रीमा दास यांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं स्वतः केलं. धुनूला गिटार हवी आहे. विधवा आई पुराच्या गावात एकटीने घर चालवते आणि मुलीला पोहायला शिकवते. मुलगी वयात आल्यावर गावातल्या बायका नियम सांगायला येतात तेव्हा आई काय करते, ते दृश्य आयांना जरूर दाखवा.

‘महानगर’ (बंगाली, १९६३, सत्यजित राय). घरोघर जाऊन विणकामाची यंत्रं विकणारी आरती. पहिल्या पगाराच्या कोऱ्या नोटा हातात घेऊन ती आरशात स्वतःला बघते. तेवढ्यासाठी सिनेमा थांबवून पुन्हा दाखवावा असा तो क्षण आहे. यात संवाद जास्त, म्हणून मदत लागते.

मदत अशी: एक बाई माइकशिवाय, पडद्याच्या बाजूला बसून, दोन-तीन ओळींचं सार मराठीत सांगते. प्रत्येक वाक्य वाचायला लागली की गोंधळ होतो. तिने सिनेमा आधी दोनदा बघून वहीत मिनिटांप्रमाणे टिपणं काढलेली हवीत.

‘२०० हल्ला हो’ दाखवावा का? तो तर नागपूरचाच आहे.

विचार करून. कस्तुरबा नगरच्या बायकांनी वर्षानुवर्षं एका गुंडाची दहशत सोसली आणि १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात त्याला ठार केलं. त्या घटनेवरून २०२१ चा हा सिनेमा सुचला. रिंकू राजगुरू आणि अमोल पालेकर यात आहेत. लैंगिक हिंसेचा विषय सतत समोर राहतो, म्हणून मुलींसोबत नको.

या शहरात तो परकी गोष्ट म्हणून बघता येत नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं त्या बायका, त्यांची मुलं इथेच राहतात. चर्चेत ‘ती कोण होती, कुठे राहते’ असं कोणी सुरू केलं तर तिथेच थांबवा. बोलायचं ते पोलिसांकडे आधी गेलेल्या तक्रारींचं काय होतं यावर, वस्ती दलितांची असली की ऐकणारे कान का बंद होतात यावर.

परवानगी लागते का? आमच्याकडे ओटीटीचं अकाउंट आहे.

घरच्या अकाउंटवरून हॉलमध्ये दाखवता येत नाही. ते घरापुरतं असतं, तिकीट लावा वा लावू नका. विकत घेतलेल्या डीव्हीडीचंही तसंच. यूट्यूबवर फुकट दिसतो म्हणून मोकळा आहे असं समजू नका, शिवाय भलत्या चॅनेलवरची प्रत बऱ्याचदा मध्येच कापलेली असते.

मार्ग असे. निर्माता किंवा वितरक यांना पत्र लिहा: संस्था, तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक, प्रवेश मोफत. उत्तराला वेळ लागतो, महिना-दीड महिना आधी लिहा. ‘मिर्च मसाला’सारख्या सरकारी पैशातून झालेल्या सिनेमांसाठी एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे, लिहा. पुण्याचं फिल्म संग्रहालय २०२२ पासून त्यांच्याकडेच आहे. शाळा-महाविद्यालयांना कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट जोडलेली माणसं एवढेच हवेत. नेटफ्लिक्सच्या काही माहितीपटांना शैक्षणिक, विनामूल्य प्रदर्शनाची मुभा त्यांच्याच पानावर दिलेली असते. सगळ्यांना नाही, नाव तपासा.

सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणून ‘कुंकू’ मोकळा आहे, ‘महानगर’ २०२४ पासून मोकळा. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवर किंवा सबटायटलवर मात्र कोणाचा हक्क असू शकतो.

सामान काय लागतं?

तीस-चाळीस जणींसाठी ३००० ल्यूमेनचा प्रोजेक्टर पुरतो, खोली नीट अंधारी असेल तर. पडदा ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच. बहुतेक भाड्याचे प्रोजेक्टर एवढ्या चित्रासाठी साधारण १२ फूट मागे ठेवावे लागतात. म्हणजे तो बायकांच्या मधोमध येतो. स्टुलावर ठेवा, वायर सतरंजीखालून न्या आणि चिकटपट्टी लावा. पायात अडकून प्रोजेक्टर खाली आला की कार्यक्रम संपला.

पांढरी चादर चालते. दुहेरी करा आणि खालच्या शिवणीत काठी घाला, नाहीतर पंख्याने नायिकेचा चेहरा हलतो. खाली बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून ३ फूट, खुर्च्या असतील तर ४ फूट.

प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर विसंबू नका. वेगळा स्पीकर पडद्याशेजारी ठेवा आणि वायरनेच जोडा. ब्लूटूथने आवाज ओठांच्या मागे राहतो. गाणी दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील तर फाइलमधला स्टिरिओ ट्रॅक निवडा. आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर जुना जोड किंवा स्प्लिटर काढून एचडीएमआय वायर सरळ जोडा. लॅपटॉपचं झोपणं आणि सूचना आधी बंद करा. आणि आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच सामानावर दहा मिनिटं चालवून बघा.

उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

कूलर तासभर आधी पूर्ण चालवून खोली गार करा, सिनेमा सुरू होताना बंद, मध्यंतरात पुन्हा चालू. मधल्या वेळात छताचा पंखा. एप्रिल-मे मध्ये १०० मिनिटांपेक्षा लांब काही घेऊच नका. गच्चीवर करायचं तर मे महिन्यात साडेसातशिवाय पुरेसा अंधार होत नाही आणि रात्री १० नंतर स्पीकर लावता येत नाही. म्हणजे साडेसात ते सव्वानऊ सिनेमा, त्यानंतर अर्धा तास बोलणं, एवढंच बसतं. डिसेंबरात सहा-सव्वासहाला अंधार असतो, लांब सिनेमे तेव्हासाठी राखा.

दुपारची २ ते ५ ही वेळ घरच्या बायकांना सोयीची. कामावर जाणाऱ्यांना रविवार सकाळ. त्या भागात नळाला पाणी कधी येतं ते विचारून मगच वेळ ठरवा.

लाइट गेली तर?

१५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेल्या इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि स्पीकर मिळून ४०० वॅट धरले तर अडीच तास निघतात, बॅटरी चांगली असेल तर. पंखे त्यावर टाकू नका. प्रोजेक्टर अचानक बंद पडला तर लगेच चालू करू नका, दिवा दहा मिनिटं थंड होऊ द्या.

सिनेमा झाल्यावर सगळ्या ‘छान होता’ म्हणतात आणि निघतात. काय करावं?

‘कसा वाटला’ हा प्रश्नच टाळा. दिवे लावल्यावर आधी चहा आणि सांभारवडी, दहा मिनिटं. मग खुर्च्यांच्या रांगा मोडून गोल बसा. पहिला प्रश्न एका दृश्यावर, एका वस्तूवर. ‘तो पाइप तुमच्या घरी किती दिवस गळाला असता?’ ‘आरतीने पगार कोणाच्या हातात दिला?’ दृश्यावर बोलता बोलता बायका आपोआप स्वतःवर येतात. थेट ‘तुमच्या घरी कसं आहे’ विचारलं की सासू शेजारी बसलेली असते.

चाळीस मिनिटं पुरे. ज्या बोलल्या नाहीत त्यांना बोला म्हणून आग्रह नको.

एखादी आपलं घरचं सांगून रडू लागली तर?

तिला थांबवू नका आणि सगळ्यांनी मिळून सल्ले देऊ नका. एक ठरलेली बाई तिला बाजूला घेऊन बसेल, हे आधीच ठरवा. मारहाण होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे ते कार्यक्रमाआधी जाऊन बघून ठेवा. हे नंबर फळ्यावर लावले तर कोणी सगळ्यांसमोर लिहून घेत नाही. चिठ्ठ्या करून बाथरूमच्या आत ठेवा.

जे ऐकलं ते खोलीबाहेर न्यायचं नाही, हे दर वेळी सुरुवातीलाच सांगा.

पुरुषांना बोलवावं का? मुलींना?

पहिले तीन कार्यक्रम फक्त बायकांचे ठेवा. नंतर ‘गाभ्रीचा पाऊस’ला, किंवा ‘इंग्लिश विंग्लिश’ पुन्हा लावाल तेव्हा, घरच्यांना बोलवा, पण चर्चेत पहिली पंधरा मिनिटं बायकाच बोलतील असं सांगून. मुलींसाठी सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट आहेत, जुन्या सिनेमांवर ते नसतील.

सहा महिन्यांचा क्रम सांगाल?

ऑक्टोबरात ‘निल बटे सन्नाटा’. नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, ‘इंग्लिश विंग्लिश’. डिसेंबरात ‘मिर्च मसाला’, नवी मिरची बाजारात येत असताना. जानेवारीत तिळगुळाला ‘कुंकू’, दोन भागांत. फेब्रुवारीत दहावी-बारावीची धामधूम असते म्हणून लहान, ‘व्हिलेज रॉकस्टार्स’. मार्चमध्ये ‘उंबरठा’, ८ तारखेला नको, त्या दिवशी सगळीकडे सत्कार असतात. त्यानंतरच्या रविवारी ठेवा आणि चर्चेला पूर्ण तास द्या.